'वक्क' म्हणजे काय?

सतिपट्ठान सुत्तातील कायानुपस्सनेत शरीराचे जे भाग ओळीने सांगितले आहेत, त्यांत अस्थिमज्जेनंतर आणि हृदयापूर्वी 'वक्क' हा शब्द येतो. मराठीत त्याचा अर्थ सांगताना आपण सहज 'मूत्रपिंड' म्हणतो. अवयव तोच आहे. तरीही हा प्रतिशब्द आम्हांस सदोष वाटतो.

पालि 'वक्क' म्हणजे संस्कृत 'वृक्क'. अवेस्तेच्या भाषेतही याच कुळातला, याच अर्थाचा शब्द आहे आणि फारसी 'गुर्दा' हा त्याच वंशातला. म्हणजे खाटकाच्या दुकानातला गुर्दा हा सुत्तातल्या वक्काचा चुलत भाऊच! मूळ अर्थाविषयी त्यामुळे शंका राहत नाही.

अडचण पुढे आहे. इ. स. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त वक्काचे वर्णन केले आहे. दोन मांसपिंड, रंग पांगाऱ्याच्या बियांसारखा मंद तांबडा, आकार एकाच देठाला लागलेल्या दोन आंब्यांसारखा. येथवर ठीक. परंतु स्थान सांगताना आचार्य ते शरीराच्या वरच्या भागात, गळ्याच्या मुळापासून निघून दुभंगणाऱ्या जाड कंडरेने बांधलेले आणि हृदयाला वेढून असलेले असे सांगतात. वस्तुतः वृक्क उदराच्या मागील बाजूस, कण्याच्या दोहों अंगांस असतात. हे ओढूनताणून जुळवू नये. रंग, आकार, दिशा, स्थान व मर्यादा या पाच अंगांनी साधकाच्या मनापुढे एकेक भाग उभा करणे, हा आचार्यांचा हेतू होता. शरीररचनेचा ग्रंथ ते लिहीत नव्हते.

मूत्राचे प्रकरण याहून बोलके आहे. तोंड नसलेला झिरपता घडा डबक्यात ठेवला असता पाणी आत शिरते, पण शिरण्याची वाट दिसत नाही. तसेच मूत्र बस्तीत येते, असे आचार्य म्हणतात. बाहेर पडण्याचा मार्ग तेवढा उघड आहे. वक्काचा तेथे उल्लेखही नाही. चरक व सुश्रुत या संहितांतही वृक्कांचा संबंध मेदाशी, मेदोवह स्रोतसाशी जोडलेला आहे.

म्हणून 'मूत्रपिंड' हा शब्द योजताच ग्रंथकारांना ठाऊक नसलेले कार्य आपण त्यांच्या तोंडी घालतो. भाषांतरात 'वृक्क' ठेवावे व कंसात 'गुर्दा' लिहावे, असे आमचे मत आहे. वर्गात आम्हीही अनेक वर्षे 'मूत्रपिंड'च सांगत आलो, हे येथे नमूद केले पाहिजे.