समशीतोष्ण प्रदेशातील पॉपीची पेरणी : काळ आणि पद्धती

खसखशीचा दाणा महाराष्ट्रातील घराघरांत परिचित आहे. दिवाळीतील अनारशांवर तो थापला जातो, रश्शाच्या वाटणात वाटला जातो. हा दाणा ज्या वनस्पतिकुलातील आहे, त्याच कुलातील अनेक फुलझाडे युरोप व उत्तर अमेरिकेतील समशीतोष्ण प्रदेशांत 'पॉपी' या नावाने ओळखली जातात. रेशमासारख्या पातळ पाकळ्यांची लाल, गुलाबी, शेंदरी व पांढरी फुले तेथील उद्यानांचे भूषण ठरली आहेत. झाड काटक असले, तरी ते बियांपासून वाढविताना अनेकांच्या पदरी निराशा येते. बी उगवतच नाही, किंवा उगवलेले रोप दुसरीकडे लावताच कोमेजते. दोष बियाण्याचा नसतो. बियांचा स्वभाव ध्यानात न घेता पेरणी केलेली असते, हे त्याचे कारण होय.

बियांचा स्वभाव

पॉपीचे बी अतिशय सूक्ष्म असते. इंग्लंडच्या शेताबांधांवर आपोआप उगवणाऱ्या लाल पॉपीच्या एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार बिया भरतात, आणि एका बोंडात हजाराहून अधिक बिया असू शकतात. बोंड वाळले म्हणजे त्याच्या टोपणाखाली बारीक छिद्रे उघडतात. वाऱ्याने देठ हलला की मिठाच्या डबीतून मीठ पडावे तशा बिया आसपास विखुरतात.

इतक्या लहान दाण्यात अन्नाचा साठा नाममात्र असतो. ज्वारीचा किंवा हरभऱ्याचा दाणा पाभरीने काही सेंटिमीटर खोल पेरला, तरी त्यातील अन्नाच्या बळावर कोंब जमिनीवर येतो. पॉपीच्या कोंबाला ते बळ नसते. म्हणून निसर्गाने या बियांना एक सावधपणा दिला आहे. प्रकाशाचा स्पर्श झाला तरच त्या सहसा रुजतात. मातीखाली गाडल्या गेलेल्या बिया सुप्तावस्थेत जातात, व कित्येक दशके जिवंत राहू शकतात.

याचे सर्वांत विदारक प्रत्यंतर पहिल्या महायुद्धात आले. बेल्जियममधील फ्लांडर्सच्या प्रदेशात तोफांच्या माऱ्याने व खंदकांच्या खोदाईने जमीन उलथीपालथी झाली. खाली दडलेल्या बिया वर आल्या, त्यांना उजेड मिळाला, आणि १९१५ मध्ये त्या उद्ध्वस्त भूमीवर, सैनिकांच्या थडग्यांभोवतीही, लाल पॉपी फुलली. पुढे १९२१ पासून ब्रिटनमध्ये हे फूल युद्धात बळी पडलेल्यांच्या स्मृतीचे चिन्ह म्हणून धारण केले जाऊ लागले. उद्यानाच्या दृष्टीने यातून मिळणारा धडा साधा आहे. पॉपीला मोकळी केलेली माती, उजेड आणि गारवा हवा. पेरणीचा काळ व पद्धती या तीन गरजांवरूनच ठरते.

पेरणी केव्हा करावी

समशीतोष्ण हवामानात वर्षायू पॉपीच्या पेरणीचे दोन हंगाम आहेत. पहिला शरद ऋतूतील होय. इंग्लंडसारख्या सौम्य हिवाळ्याच्या देशात सप्टेंबरच्या सुमारास पेरणी केली जाते. उन्हाळ्याची ऊब जमिनीत अद्याप शिल्लक असते व पावसाची ओलही असते. बी रुजून थंडीपूर्वी जमिनीलगत पसरलेल्या पानांचे लहान रोप तयार होते. ते हिवाळा तसेच काढते, या काळात मुळे खोल जातात, आणि वसंताची चाहूल लागताच झाड जोमाने वाढते. अशी झाडे मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये फुलतात, व ती अधिक भरदार असतात.

दुसरा हंगाम वसंत ऋतूतील, म्हणजे मार्च ते मे या महिन्यांतील होय. या पेरणीची फुले जुलै-ऑगस्टमध्ये येतात. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने थोडे थोडे बी टाकल्यास बहर लांबविता येतो. मात्र पेरणी फार उशिरा करू नये. जमीन तापू लागली की उगवण घटते. पंधरा अंश सेल्सिअसच्या आसपासचे तापमान उगवणीस अनुकूल असते, व कोंब दिसण्यास एक ते चार आठवडे लागतात.

कॅनडा किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळा कडक असतो. शरद ऋतूत उगवलेली कोवळी रोपे तेथे गोठून मरण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी जमीन गोठण्याच्या अगदी आधी बी टाकतात. ते थंडीभर न रुजता पडून राहते व बर्फ वितळताच उगवते. काहीजण हिवाळ्याच्या शेवटी उरलेल्या बर्फावरच बी विखुरतात. पांढऱ्या बर्फावर काळे बी स्पष्ट दिसत असल्याने ते कोठे दाट व कोठे विरळ पडले हे कळते, आणि बर्फ वितळताना ते हळुवारपणे मातीला लागते.

पेरणी कशी करावी

जागा दिवसभर ऊन मिळणारी व पाण्याचा निचरा होणारी निवडावी. पाणी साचणाऱ्या जमिनीत हिवाळ्यात मुळे कुजतात. वर्षायू पॉपीला भारी खताची गरज नसते. जमीन अति सुपीक झाल्यास पाने माजतात, देठ लुसलुशीत होऊन लोळतात व फुले कमी येतात.

प्रथम तण मुळासकट काढून टाकावे. वरचा थर खणून ढेकळे फोडावीत, दंताळ्याने माती भुसभुशीत व सपाट करावी, आणि वाफ्याला पाणी देऊन वाफसा येऊ द्यावा. पाणी पेरणीपूर्वी देणे श्रेयस्कर, कारण पेरणीनंतर जोराने पाणी सोडल्यास बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होते.

बी हाताने नेमके टाकणे जवळजवळ अशक्य असते. त्यासाठी चिमूटभर बियांत निदान दहापट कोरडी बारीक वाळू मिसळावी व हे मिश्रण वाफ्यावर विरळ फोकावे. अर्धे मिश्रण उभ्या दिशेने व अर्धे आडव्या दिशेने टाकल्यास पेरणी सारखी होते. फिकट वाळूमुळे कोणती जागा सुटली हेही दिसते. बियांवर माती ओढू नये. एक फळी ठेवून ती हलकेच दाबावी, म्हणजे बी मातीला घट्ट चिकटते. उगवण होईपर्यंत वरचा थर कोरडा पडू न देता, झारीच्या बारीक धारेने किंवा फवाऱ्याने ओल राखावी.

विरळणी व निगा

रोपे बोटाच्या पेराएवढी झाली की विरळणी हाती घ्यावी. दाटीत वाढलेली झाडे किडकिडीत होतात, एकच लहान फूल देतात आणि लवकर वाळतात. लाल पॉपीच्या दोन झाडांत शेवटी वीस ते तीस सेंटिमीटर अंतर राहील असे पाहावे. हे काम दोन-तीन वेळा विभागून करावे, म्हणजे काही रोपे गोगलगायींनी खाल्ली तरी वाफा रिकामा पडत नाही. नको असलेले रोप उपटण्याऐवजी कात्रीने जमिनीलगत कापावे. उपटताना शेजारच्या रोपाचे मूळ हलते व तेही दगावते.

पॉपीला सोटमूळ असते व ते दुखावलेले तिला सोसत नाही. यास्तव वर्षायू पॉपीची रोपे गादीवाफ्यावर तयार करून स्थलांतर करण्याची पद्धत टाळावी. बी कायमच्या जागीच पेरावे. बहुवर्षायू पौर्वात्य पॉपीची गोष्ट थोडी वेगळी आहे. कॉकेशस, तुर्कस्तान व इराणच्या डोंगराळ भागांतील ही जात वसंतात कुंड्यांत पेरून रोपे लहान असतानाच हलविता येते. ती बहुधा दुसऱ्या वर्षी फुलते, आणि फुलोऱ्यानंतर तिची पाने भर उन्हाळ्यात वाळून जातात. झाड मेले असे समजून ते खणून टाकू नये. शरदात नवी पाने फुटतात.

बियाणे राखण्याचे महत्त्व

बोंडे तपकिरी होऊन हलविल्यावर खुळखुळू लागली की ती कापून कागदी पिशवीत उलटी ठेवावीत. जमलेले बी कोरड्या, थंड जागी कागदी पाकिटात राखावे. निवड करून बी राखल्याने काय साधते, याचे उदाहरण इंग्लंडमध्येच घडले. क्रॉयडनजवळील शर्ली या गावचे धर्मोपदेशक विल्यम विल्क्स यांना १८८० च्या सुमारास आपल्या बागेच्या कोपऱ्यात पाकळ्यांना बारीक पांढरी कड असलेले रानपॉपीचे एक फूल आढळले. त्याचे बी त्यांनी वेगळे राखले आणि वर्षानुवर्षे निवड करीत नाजूक रंगछटांचा एक नवाच वाण सिद्ध केला. तो आज 'शर्ली पॉपी' म्हणून जगभर लावला जातो.

भारतात घ्यावयाची खबरदारी

येथे एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख अगत्याचा आहे. ब्रिटनमध्ये उद्यानातील शोभेसाठी अफूची पॉपीही लावली जाते व त्यास तेथे मनाई नाही. भारतात मात्र अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अन्वये केंद्र शासनाच्या परवान्याशिवाय तिची लागवड हा गंभीर अपराध असून त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. परवाने मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील ठरावीक क्षेत्रांतच दिले जातात. महाराष्ट्राचा त्यांत समावेश नाही. खसखस व अफू ही एकाच झाडाची उत्पादने होत. त्यामुळे 'केवळ खसखशीसाठी पीक घेतले' हा खुलासा कायद्यापुढे टिकत नाही. बीड जिल्ह्यात २०१२ साली अशी बेकायदा लागवड उघडकीस आली, तेव्हा हा धोका राज्यापुढे ठळकपणे आला. आपल्या जमिनीत अशी लागवड झाल्यास तिची खबर ताबडतोब देणे हे जमीनधारकाचे कर्तव्य आहे, तसेच सरपंच व गावकामगारांवरही ही जबाबदारी कायद्याने टाकली आहे.

परदेशी गेलेल्या आप्तांकडून हौसेने बियांची पाकिटे आणविली जातात, तेव्हा दुहेरी काळजी घ्यावी. वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार परदेशी बियाणे विहित परवाना व रोगमुक्ततेच्या प्रमाणपत्राशिवाय देशात आणता येत नाही, आणि पाकिटावरील सुंदर चित्रावरून जात ओळखता येत नाही. वाण्याकडील खसखसही वाफ्यात टाकू नये. ज्यांना ही फुले हवी असतील त्यांनी शर्ली किंवा कॅलिफोर्निया पॉपीसारख्या शोभेच्या जातींचे बी खात्रीच्या विक्रेत्याकडून घ्यावे. महाराष्ट्रात समशीतोष्ण प्रदेशातील वसंताची जागा आपला हिवाळा घेतो, म्हणून पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरणी करावी. वाळूत मिसळलेले चिमूटभर बी, मोकळी माती व माफक ओल एवढ्या सामग्रीवर थंडीच्या अखेरीस अंगण फुलून येईल. मात्र पाकीट फोडण्यापूर्वी त्यातील जात कोणती, याची खातरजमा प्रत्येकाने अवश्य करून घ्यावी.