भाईंदरचा पंखा, डहाणूचा कोळसा

मिरा-भाईंदरच्या विजेचं जुनं माहेर म्हणजे डहाणूचं औष्णिक केंद्र. २५० मेगावॉटचे दोन संच, नव्वदच्या दशकातले. कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फुंकतात. वाफेवर टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतं. म्हणजे सेकंदाला ५०, म्हणूनच आपली वीज ५० हर्ट्‌झची!

देशाची सुमारे सत्तर टक्के वीज अजून कोळशाचीच. सूर्य मावळल्यावर मागणी चढते, तेव्हा सौर पॅनल हात वर करतात. कोळसा उभा राहतो, पण धुरासकट. डहाणूच्या चिकूबागांशेजारी समुद्राच्या पाण्याने धुरातलं गंधक धुणारी यंत्रणा बसली, तीही पर्यावरण प्राधिकरणाने तगादा लावल्यावर. उशिराच, म्हणायला हवं.

तेव्हा वॉशिंग मशीन, इस्त्री शक्यतो सौर वीज असताना, दुपारीच उरका.