कळशीएवढं धरण

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर क्युसेकच्या आकड्यांपेक्षा गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर जास्त विश्वास ठेवतात. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत चढलं, एवढं कळलं की गोदाकाठचा दुकानदार सामान उचलायला लागतो. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डापाशीही असंच एक धरण असतं, आणि पॅकेटं गळायला लागली की आधी त्याचं माप काढावं, असं मला मनापासून वाटतं. मी ते काढलं तेव्हा हिशेब तीनदा तपासला.

१० गिगाबिटच्या तारेवरून सेकंदाला १० अब्ज बिट येऊ शकतात. इथरनेटचं सगळ्यात लहान पॅकेट ६४ बाइटांचं, पण आधीची सूचना आणि नंतरची सक्तीची मोकळी जागा धरून ते तारेवर ८४ बाइट अडवतं. भागाकार केला की सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेटं. एकेकाच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्या वेळात जेमतेम २०० ठोके पडतात. हवी ती गोष्ट जवळच्या कॅशेत नसली आणि रॅममधून आणावी लागली, तर साधारण एवढा वेळ त्या एका फेरीतच संपतो.

आलेलं पॅकेट प्रोसेसर उचलेपर्यंत जिथं थांबतं, ती रिंग बफर, म्हणजे गोल फिरणाऱ्या खणांची रांग. इंटेलच्या अनेक १० गिगाबिट कार्डांना लिनक्स सुरुवातीला एका रांगेमागे ५१२ खण देतं. लहान पॅकेटांचा पूर्ण लोंढा आला तर हे खण ३४ मायक्रोसेकंदांत भरतात.

आता गंगापूर बघा. साठवण साधारण ५,६३० दशलक्ष घनफूट. १० हजार क्युसेकनं पाणी येत राहिलं तर रिकामं धरण भरायला साडेसहा दिवस लागतील. तोच लोंढा ३४ मायक्रोसेकंद अडवायचा तर धरण केवढं लागेल? जवळजवळ दहा लिटरचं. एक कळशी! सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर पाणी अंगावर येतंय आणि आपण कळशी धरून उभे आहोत. पॅकेटं १,५०० बाइटांची मोठी असली तर तेच खण ६३० मायक्रोसेकंद पुरतात. मग कळशीच्या जागी जेमतेम पिंप येतं.

खरी गंमत पुढे आहे. काम नसलं की प्रोसेसर वीज वाचवायला झोपतो. इंटेलच्या काही सर्व्हर प्रोसेसरना गाढ झोपेतून उठायला लिनक्सच्या नोंदीप्रमाणे १३३ मायक्रोसेकंद लागतात. समजा, नाशिकच्या अंबडमधल्या एखाद्या कारखान्यातली २,००० यंत्रं घड्याळ जुळवून दर सेकंदाच्या ठोक्याला एकेक लहान पॅकेट पाठवतात आणि सगळी एकाच गेटवेमार्फत सर्व्हरकडे येतात. पत्ते सारखे, म्हणून कार्ड त्यांना एकाच रांगेत लावतं. एकामागोमाग एक आली तर सगळी यायला १३४ मायक्रोसेकंद. प्रोसेसर डोळे उघडतो तोवर वरात संपलेली असते. ५१२ खणांत बसली, उरलेली जवळजवळ दीड हजार गेली. कार्डाच्या पोटात थोडी जागा असते खरी, पण एका तुंबलेल्या रांगेपायी बाकीच्या अडू नयेत म्हणून बहुधा तिचीच पॅकेटं टाकून दिली जातात. यूडीपीनं पाठवलेली असतील तर ती परत कुणी मागतही नाही.

आणि तारेचा वापर किती झाला? सेकंदाला १३ लाख ४४ हजार बिट, म्हणजे क्षमतेच्या ०.०१३ टक्के. चारातली तीन पॅकेटं वाहून गेली तरी पाच मिनिटांच्या सरासरीचा आलेख सपाट दिसतो. पाच मिनिटांत असे ३४ मायक्रोसेकंदांचे तुकडे ८७ लाख बसतात. गोदावरीच्या वर्षभराच्या सरासरीवरून २००८ सालचा पूर ओळखण्यासारखंच आहे हे. ‘लोड तर काहीच नाही, कार्डच खराब असणार,’ असं म्हणून कार्ड बदलायला निघालेल्या माणसाला म्हणून थांबवावंसं वाटतं.

त्यानं आधी लिनक्सच्या ईथटूल या आज्ञेनं कार्डाचे काउंटर दर सेकंदाला बघावेत. तेच त्याचे दुतोंड्या मारुती. सीआरसीच्या चुका, म्हणजे वाटेत बिघडून आलेली पॅकेटं, वाढत असतील तर केबल, जोड किंवा मॉड्यूल तपासावं, तिथं रिंग वाढवून काही होत नाही. जागेअभावी सुटलेल्या पॅकेटांचा आकडा वाढत असेल तर कळशी भरतेय. कार्डाचे आकडे स्थिर असूनही गळती असेल, तर बहुधा कर्नलची रांग किंवा प्रोग्रॅमचा सॉकेट बफर तुंबलेला असतो.

कळशीच भरत असेल तर रिंग ५१२ वरून ४,०९६ करावी. अंबडची ती २,००० पॅकेटं मग सगळी मावतात, आणि प्रोसेसरला उठायला तेवढी उसंत मिळते.