सापाची लस आणि तिचे मोजलेले बळ

हट्टा आणि वसमतच्या शिवारात, जेथे पावसाळ्यात हळदीच्या दाट पानांखाली सरीतली जमीन दिसेनाशी होते, तेथे सर्पदंशाचे भय नित्याचेच असून त्यावरील इलाजाविषयी दोन समजुती घट्ट रुजल्या आहेत. दवाखान्यातली ‘सापाची लस’ म्हणजे पातळ केलेले सापाचे विषच, ही एक, आणि लहान मुलाला ती थोडकीच द्यावी, ही दुसरी. दोन्ही निराधार आहेत. दुसरी तर जिवावर बेतणारी आहे.

वस्तुस्थिती अशी की, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष घोड्यास प्रथम अत्यल्प आणि पुढे चढत्या प्रमाणात टोचले असता कालांतराने त्याच्या रक्तात त्या विषाचे निवारण करणारी प्रतिपिंडे निर्माण होतात, आणि तीच शुद्ध करून कुपीत भरली जातात. १८९९ साली प्लेग संशोधनशाळा म्हणून परळ येथे स्थापन झालेल्या हाफकिन संस्थेने हे कार्य दीर्घकाळ केले. १९७५ साली तिच्यातून निघालेल्या जीव-औषध निर्माण महामंडळाचे घोडे पुण्याजवळ पिंपरीस आहेत.

परंतु विष टोचले की रक्त आपोआप औषधी झाले, असे मुळीच नाही. सारखेच विष दिलेल्या दोन घोड्यांपैकी एकाचे बळ पुरेसे, तर दुसऱ्याचे तोकडे ठरू शकते. म्हणून मानेच्या शिरेतून थोडे रक्त काढून, ते गोठल्यावर सुटणारा पिवळसर रक्तरस तपासावा लागतो. एलायझा कसोटीत प्लास्टिकच्या पाटीवरील चिमुकल्या खळग्यांत विष बसवून त्यावर उत्तरोत्तर पातळ केलेला रक्तरस घालतात, आणि उमटणाऱ्या रंगाच्या गडदपणावरून प्रतिपिंडांचे प्रमाण ताडतात. मात्र प्रतिपिंडाने विषाला चिकटणे निराळे आणि विष निकामी करणे निराळे. केवळ रंगावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. बळाचा खरा निवाडा उंदरांवरील कसोटीत होतो, जीत विष आणि औषध ३७ अंशांवर अर्धा तास एकत्र ठेवून टोचतात आणि किती उंदीर जगले ते पाहतात.

भारतीय प्रमाणानुसार १ मिलिलिटर औषधाने नागाचे वा घोणसाचे ०.६० मिलिग्रॅम आणि मण्यारीचे वा फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ झालेच पाहिजे. म्हणजे १० मिलिलिटरची एक कुपी घोणसाचे अवघे ६ मिलिग्रॅम विष आवरते, आणि घोणस एका दंशात सरासरी ६३ मिलिग्रॅम सोडतो; विषबाधेची लक्षणे दिसताच प्रारंभीच आठ-दहा कुप्या लागतात त्या यामुळे. हिशेब विषाचा असतो, देहाच्या वजनाचा नव्हे. सबब मुलालाही कुप्या तितक्याच द्याव्या लागतात, फक्त ज्या सलाईनमधून त्या चढवतात त्याचे प्रमाण वजन पाहून बेताचे ठेवतात.