शस्त्रक्रियेनंतर सुरू होणारे संशोधन : डॉ. एडवर्ड मेसन यांचे कार्य

अतिस्थूल व्यक्तीचे वजन उतरावे म्हणून जठराच्या किंवा आतड्याच्या रचनेत बदल करणाऱ्या शस्त्रक्रियांना बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. या शाखेचा पाया घालणाऱ्यांत अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद डॉ. एडवर्ड मेसन (१९२०–२०२०) अग्रगण्य होते. आयोवात वैद्यकीय पदवी घेतल्यावर त्यांनी मिनेसोटा विद्यापीठात ओवेन वँगेनस्टीन यांच्या हाताखाली शल्यशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९५३ मध्ये ते आयोवात अध्यापनासाठी परतले.

त्या काळी लठ्ठपणावर लहान आतड्याचा बराचसा भाग वगळून अन्न थेट पुढे नेणारी शस्त्रक्रिया करण्यात येऊ लागली होती. अन्नाचे शोषणच घटल्यामुळे वजन उतरत असे; परंतु सततचे जुलाब, मूत्रखडे आणि काही रुग्णांत यकृत निकामी होणे, अशी तिची किंमत मोजावी लागे. मेसन यांनी वेगळा मार्ग शोधला. पेप्टिक अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन सहसा वाढत नाही, हे सर्वज्ञात निरीक्षण त्यांनी लठ्ठपणाच्या प्रश्नाला जोडले. त्यातून १९६६ मध्ये त्यांनी चिकाशी इटो यांच्यासह गॅस्ट्रिक बायपास ही शस्त्रक्रिया सुरू केली. हिच्यात जठराच्या वरच्या भागाची लहान पिशवी वेगळी करून ती लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे थोड्या अन्नाने पोट भरते आणि उरलेले जठर जागेवर राहूनही अन्नमार्गाबाहेर जाते.

बायपासनंतर लोह, कॅल्शियम आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची कमतरता उद्भवू शकते, म्हणून मेसन यांनी १९८० मध्ये आतड्याला हात न लावता केवळ जठराला उभे स्टेपल घालून, पिशवीचे तोंड पट्टीने आवळणारी पद्धत आणली. ती अनेक वर्षे लोकप्रिय होती. मात्र पुढे अनेकांचे वजन पुन्हा वाढल्याचे किंवा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागल्याचे दिसून आल्याने ती मागे पडली, तर सुधारित रूपातील बायपास टिकून राहिला.

कोणती पद्धत टिकेल, हे शस्त्रक्रियेच्या दिवशी ठरत नाही, रुग्णाचा मागोवा वर्षानुवर्षे घेतल्यावरच ठरते, ही जाणीव मेसन यांच्या पुढील कार्याच्या मुळाशी आहे. या क्षेत्रातील शल्यविशारदांची अमेरिकन संघटना १९८३ मध्ये स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता आणि अनेक रुग्णालयांतील रुग्णांच्या नोंदी एकत्र ठेवणारी नोंदवही त्यांनीच आयोवात उभी केली.

उतारवयात त्यांचे लक्ष संप्रेरकांकडे, म्हणजे रक्तावाटे शरीराला संदेश देणाऱ्या रसायनांकडे, वळले. लहान आतड्याच्या शेवटच्या भागापर्यंत अन्न लवकर पोहोचले की तेथील पेशी जीएलपी-१ हे संप्रेरक अधिक स्रवतात, जे इन्सुलिनच्या स्रावाला चालना देते आणि भूक शमवते. आतड्याचा हा शेवटचा तुकडा वरच्या बाजूला आणून बसवल्यास लठ्ठपणा आणि मधुमेह या दोहोंवर उपाय होऊ शकेल, असा विचार त्यांनी १९९९ मध्ये मांडला. आज सेमाग्लुटाइडसारखी औषधे याच संप्रेरकाचे अनुकरण करून वजन घटवतात. औषध थांबवल्यावर वजन बहुधा पुन्हा वाढते, त्यामुळे त्यांचे मोलही काही महिन्यांच्या आकड्यांवरून न ठरवता, मेसन यांनी शस्त्रक्रियांना लावलेल्या दीर्घकालीन नोंदींच्या कसोटीवरच ठरवावे लागेल.