गाडीतच हवेची सोय : वाळू, दगड आणि टायरचा दाब

वाळूत रुतलेल्या फोर-बाय-फोर गाडीचे दुखणे बहुतेक वेळा इंजिनात नसून टायरमधल्या हवेत असते, आणि त्यावरचा उपाय, म्हणजे हवा कमी करणे, जवळजवळ प्रत्येक चालकाला ऐकून तरी ठाऊक असतो. तरीही तो केला जात नाही, कारण काढलेली हवा पुन्हा भरायची कोठे, हा प्रश्न जैसलमेरजवळच्या सम येथील टेकाडांत किंवा लडाखच्या ओसाड पठारावर खराखुरा असतो. गाडीत कायमचा बसविलेला हवेचा कॉम्प्रेसर हा प्रश्न मिटवितो, आणि हवा काढण्याचे धाडस देणे हेच त्याचे मुख्य काम मानले पाहिजे.

हवा कमी केल्याने नेमके काय होते, हे साध्या गणिताने समजते. टायरचा दाब बोलीभाषेत ‘पौंडां’त सांगितला जातो, म्हणजे एका चौरस इंचावर इतके पौंड, ३० पौंड दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे २.१ किलो. १,८०० किलो वजनाच्या गाडीच्या प्रत्येक चाकावर ४५० किलो भार येतो असे धरले, तर ३० पौंडांवर टायर जमिनीला सुमारे २१५ चौरस सेंटिमीटर टेकतो, आणि दाब १५ पौंडांवर आणला की हे क्षेत्र ढोबळमानाने दुप्पट होते. टायरच्या भिंतींचा ताठरपणा थोडा भार पेलत असल्याने प्रत्यक्षातला आकडा काहीसा वेगळा असतो. टेकलेला भाग रुंदीपेक्षा लांबीत अधिक वाढतो, त्यामुळे चाक वाळू खणत बसण्याऐवजी तिच्यावरून सरकते, आणि खडकाळ वाटेवर तोच मऊ टायर दगडाला कवटाळून पकड घेतो.

ही युक्ती जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली अमेरिकेत तयार झालेल्या आणि ‘डक’ या नावाने ओळखल्या गेलेल्या, जमिनीवर व पाण्यात चालणाऱ्या ट्रकमध्ये चालकाला जागेवर बसूनच टायरचा दाब कमीजास्त करता येत असे, आणि १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सामान उतरविताना हे ट्रक वापरले गेले.

मात्र मऊ टायर घेऊन डांबरी रस्त्यावर वेगाने जाणे जिवावर बेतू शकते. दाब कमी असलेल्या टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात दुमडतात व उलगडतात, त्या घर्षणाने रबर तापत जाते आणि अखेर टायर फुटतो. शिवाय जोरात वळताना टायरची कड, जिला बीड म्हणतात, रिमवरून निसटण्याचा धोका असतो. म्हणून वाळू संपून डांबर सुरू होते तेथेच हवा भरणे भाग असते, आणि पंक्चरवाल्याचे दुकान तेथून अनेकदा पन्नास किलोमीटर दूर असते.

किती हवा लागते, याचा हिशेब खरेदीआधी करावा. अशा गाडीच्या एका टायरचे आकारमान सुमारे ६५ लिटर असते आणि १५ पौंड म्हणजे जवळपास एका वातावरणाचा दाब. त्यामुळे १५ वरून ३० पौंडांवर येण्यासाठी एका टायरला सुमारे ६५ लिटर, तर चारही टायरना २६० लिटर मोकळी हवा लागते. मिनिटाला ६० लिटर हवा देणारा कॉम्प्रेसर हे काम पाच मिनिटांत उरकतो, पण खोक्यावर छापलेला आकडा पुष्कळदा शून्य दाबावरचा असतो आणि दाब वाढेल तशी ही आवक घटते, हे विसरता कामा नये. उंचीवर ती आणखी घटते : ५,३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असल्याने तोच कॉम्प्रेसर जवळपास दुप्पट वेळ घेतो.

कॉम्प्रेसरला हवा साठविणारी टाकी जोडली की टायर झटपट भरतात, हा गैरसमज येथेच दूर करावा. १५० पौंड दाबाची चार लिटरची टाकी ३० पौंडांपर्यंत रिकामी झाली तरी जेमतेम ३३ लिटर हवा देते, म्हणजे एका टायरची निम्मी गरज. तिचा खरा उपयोग क्षणात जोर लागणाऱ्या कामांना होतो, जसे की निसटलेली बीड रिमवर परत बसविणे, किंवा एका अक्षावरची दोन्ही चाके हवेच्या दाबाने एकत्र जखडणारा ‘एअर लॉकर’ चालविणे.

जोडणीत सर्वाधिक चुका विजेच्या बाजूला होतात. असा कॉम्प्रेसर १२ व्होल्टवर २०-२५ अँपिअर प्रवाह खेचतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटला तो झेपत नाही आणि फ्यूज उडतो. म्हणून जाड तार थेट बॅटरीपासून घ्यावी, तिच्यावर बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज बसवावा, डॅशबोर्डवरच्या बटणाने फक्त रिले, म्हणजे मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच, चालावा, आणि कंपनीची मूळ वायरिंग कापू नये, कारण त्यावर वॉरंटी नाकारली जाऊ शकते. हवा भरताना इंजिन चालू ठेवावे. कॉम्प्रेसर बॉनेटखाली बसविल्यास एक्झॉस्टच्या उष्णतेपासून दूर आणि ओढ्याचे पाणी पोहोचणार नाही इतका उंच असावा. त्यातून निघणारी हवा हाताला चटका बसेल इतकी तापते, म्हणून पहिला पाइप साधा प्लास्टिकचा न घेता जाळीदार पोलादी आवरणाचा घ्यावा. टाकी असल्यास तिला सुरक्षा झडप हवीच, आणि तळाची तोटी अधूनमधून उघडावी. पावसाळ्यात कोकणच्या दमट हवेत ती उघडताच गढूळ, गंजाळलेल्या पाण्याची पिचकारी उडते, आणि तेच पाणी आत राहिले तर टाकी आतून गंजते.

कोकणाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे : ही सोय हाताशी आली म्हणून समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नये. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, चाकांखाली ती घरटी चिरडली जातात, आणि गोव्यात तर किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदीच आहे.

वर्षातून एकदोनदाच वाळूत किंवा डोंगरात जाणाऱ्याने कायमच्या जोडणीच्या खर्चात पडू नये. बॅटरीला चिमट्यांनी जोडता येणारा, चांगल्या प्रतीचा सुटा कॉम्प्रेसर त्याला पुरेसा आहे. पण कायमची जोडणी करणारा असो वा सुटा कॉम्प्रेसर घेणारा, दोघांनीही सर्वांत आधी खिशात मावणारा अचूक प्रेशर गेज घ्यावा, कारण किती हवा काढली हे मोजता आले नाही, तर किती भरायची हेही कळत नाही.