अक्षरांचा दूरान्वय

संस्कृत श्लोक लावतांना विद्यार्थ्याची खरी परीक्षा अन्वयांत होते. विशेषण पहिल्या चरणांत आणि त्याचें विशेष्य चौथ्या चरणांत असलें, म्हणजे शब्दार्थ पाठ असूनही मुलगा अडतो. यास आपण दूरान्वय म्हणतों व काव्यांत तो दोष मानतों. परंतु ज्या लिपींत आपला देह लिहिला गेला आहे, तिच्यांत दूरान्वय हीच रीत आहे असें आतां दिसून आलें आहे.

मनुष्याच्या प्रत्येक पेशीकेंद्रांतील डीएनएचे तंतु सरळ करून जोडले तर लांबी सुमारें दोन मीटर भरेल; आणि तें केंद्र मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास! अर्थात् तंतु घडी घालूनच राहतो. पण ही घडी लुगड्याच्या घडीसारखी केवळ जागेच्या सोयीची नव्हे. जनुक म्हणजे या तंतूवरील एकेक पाठ. त्यास ‘आतां कामास लाग’ अशी आज्ञा देणारा तुकडा कित्येकदां लक्षावधि अक्षरें दूर असतो, आणि घडीमुळेंच तो त्याच्या शेजारीं येतो. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्यें डॉ. संजीव गलांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००७ सालीं दाखविलें कीं, शरीर आपलें-परकें ज्यांवरून ओळखतें त्या जनुकांच्या प्रदेशांत एसएटीबी-१ व पीएमएल हीं दोन प्रथिनें तंतूस वेटोळीं घालतात, आणि वेटोळीं बदललीं कीं जनुकांचें कामही बदलतें.

मग घडी चुकली तर? बर्लिन येथील संशोधकांनीं २०१५ सालीं प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतींत फार बोलका आहे. कांहीं कुटुंबांत मुलांचीं बोटें आखूड, जुळलेलीं किंवा अधिक होतीं. ज्या जनुकानें घोटाळा केला तें स्वतः शाबूत होतें; दोन घड्यांमधील सीमा मात्र मोडली होती, त्यामुळें एकाची आज्ञा भलत्याच जनुकास पोंचली. तीच मोडतोड उंदरांत घडवितांच त्यांच्या पंजांतही व्यंग उमटलें.

आमच्याकडे असें मूल जन्मलें कीं ‘ग्रहणांत विळी हातांत धरली असेल’ म्हणून आईस बोल लावतात. टिटवाळ्यास महागणपतीच्या दर्शनास येणाऱ्या शिकल्यासवरल्या मंडळींच्या तोंडूनही हें मीं ऐकलें आहे. त्या माउलीनें तें ऐकून घ्यावें, यास काडीचाही आधार नाहीं.

घडी पाहण्याची ‘हाय-सी’ नांवाची युक्ति २००९ सालीं निघाली. शेजारीं आलेले तुकडे रसायनानें तसेच जखडावयाचे, कापून एकमेकांस जोडावयाचे, व कोण कोणाजवळ होता तें वाचावयाचें. काम खर्चाचें व वेळखाऊ. म्हणून संगणकास पाचारण झालें. २०२० सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं ‘अकिता’ नांवाची प्रणाली सिद्ध केली. तिला सुमारें दहा लक्ष अक्षरांची ओळ द्यावी, ती घडीचा नकाशा काढून देते. तिला नियम कोणीं शिकविले नाहींत. व्याकरण न घोकतां हजारों श्लोक वाचून ज्यास अन्वय साधतो, अशा मुलासारखी ती तयार झाली. यासच डीप लर्निंग म्हणतात. सीमेवर सीटीसीएफ नांवाचें प्रथिन जेथें बसतें, तीं अक्षरें व त्यांची दिशा तिनें आपण होऊन हेरली. शिवाय एखादें अक्षर बदलून ‘आतां घडी कशी पडेल?’ असेंही तिला विचारतां येतें. प्रयोगशाळेंत ज्यास महिने लागावे त्याचें उत्तर क्षणांत मिळतें. २०२२ सालच्या ‘ओर्का’ प्रणालीनें तर हा विस्तार अखंड गुणसूत्रापर्यंत नेला.

मात्र हें अनुमान आहे, प्रत्यक्ष नव्हे. आणि आमचे नैयायिक विचारतील तो हेतु यंत्राकडून स्पष्ट शब्दांत मिळत नाहीं. शिवाय अकिताचा अभ्यास पांच प्रकारच्या मानवी पेशींच्या नकाशांवर झाला. गर्भांत बोटें घडविणारी पेशी त्या पांचांत नाहीं. तेव्हां एखाद्या बालकाच्या रक्तांतील अक्षरें वाचून यंत्रानें ‘येथें सीमा मोडली असावी’ असें सांगितलें, तरी वैद्यानें तें आईबापांस निदान म्हणून सांगण्यापूर्वीं प्रयोगानें पडताळलें पाहिजे. लक्षावधि जागांपैकीं कोणती आधीं पडताळावी, एवढें मात्र यंत्र आज सांगूं लागलें आहे.